वैरागडे काकांची सुई

तुमच्या गाडीचा एसी ऐन मेमध्ये गरम हवा फेकायला लागला, तुम्ही ती दुरुस्तीला नेलीत, आणि समोरचा माणूस म्हणाला, “आता एक तास या खुर्चीवर बसा, फोन खिशात ठेवा आणि त्या सुईकडे पाहा,” तर तुम्ही बसाल का?

भोपाळमधली चांगली शिकलीसवरलेली माणसं बसतात. पिपलानीचे क्वार्टर्स संपतात तिथल्या एका वसाहतीत, एका घराच्या पोर्चमध्ये, चार प्लास्टिकच्या खुर्च्या नाटकाला मांडाव्यात तशा ओळीने मांडलेल्या असतात. समोर बॉनेट उघडून उभी असलेली गाडी. बॉनेटच्या कडेला अडकवलेली दाब दाखवणारी दोन मीटर, एक निळं, एक लाल. प्रेक्षक निळ्याकडे डोळे लावून बसलेले. निळ्यातली सुई हलत नाही. ती हलू नये, हाच सगळा प्रयोग. आणि बाजूला एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून वैरागडे काका उभे. कोणी जरा मोठ्याने बोललं की ओठांवर बोट ठेवून म्हणणार, “हळू बाप्पा. सुई बिचकते.”

काका मूळचे नागपूरचे. सगळी नोकरी इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात गळती तपासण्यात गेली. इतर लोक टाक्या, नळ्या, झाकणं बनवायचे आणि काका त्यांत भोक शोधायचे. त्यामुळे कारखान्यात ते कुणाचे फार लाडके नव्हते. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, भजनी मंडळात जातात. काकांच्या जावयाच्या गाडीत एका दुकानदाराने तीन उन्हाळे ओळीने गॅस भरून दिला आणि तीनही उन्हाळे तो दिवाळीपर्यंत उडून गेला. काकांना हा आपल्या उभ्या आयुष्याचा अपमान वाटला. त्यांनी पंप आणला, मीटर आणली, आणि पोर्चमध्ये दुकान थाटलं. पाटी नाही. पाटी लावली की घाईची माणसं येतात म्हणे.

त्यांच्याकडे जाऊन ‘गॅस भरायचा आहे’ असं म्हणायची सोय नाही. सक्सेनाजी नावाचे बँकेतले एक गृहस्थ गेल्या वर्षी मेमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा मी तिथेच होते.

“अंकल, गैस ख़त्म हो गई है, डाल दीजिए.”

“ख़त्म? पी गए क्या आप?”

“मतलब, कम हो गई होगी.”

“कहाँ गई?”

“मुझे क्या पता!”

“तो पहले पता करेंगे. गैस कोई पेट्रोल है, जो जल जाएगी? वो तो बेचारी नली में गोल-गोल घूमती है. गई है, तो कहीं से निकल के गई है.”

मग काका दाढीच्या ब्रशने साबणाचा फेस करतात आणि एकेक जोडावर लावत जातात. हळद लावावी तसा, हलक्या हाताने. कुठे बुडबुडा फुगला की त्यांचा चेहराही फुगतो. “सापडला लेकाचा!” तिथलं रबराचं कडं बदलतात, आणि जुनं कडं होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत घालून वर चिठ्ठी चिकटवतात. भिंतीवरच्या फळीवर अशा बाटल्यांची रांग आहे. ‘सक्सेनाजी. मागचा जोड. भर मेमध्ये दगा.’ ‘डॉ. जोशी मॅडम. उंदीर.’

उरलेला गॅस ते हवेत सोडत नाहीत, वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घेतात. बाकीच्या दुकानांत फुस्स करून सोडून देतात, वेळ वाचतो. मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही सोडत? ते म्हणाले, “या गावात मी हवेत काही सोडत नसतो.” भोपाळमध्ये या वाक्याचा अर्थ कोणी विचारत नाही.

त्यानंतर येतो तो सुईचा तास. पंप लावून नळ्यांमधली सगळी हवा, हवेतला सगळा ओलावा ओढून काढायचा. पंप बंद, मीटरखालच्या झडपांच्या चाव्या बंद, आणि पाहत बसायचं. सुई जागच्या जागी राहिली तर नळ्या पक्क्या, आता गॅस भरायला हरकत नाही. सुई शून्याकडे सरकली, म्हणजे काकांच्या भाषेत ‘पडली’, तर कुठून तरी बाहेरची हवा आत शिरते आहे, सगळं पुन्हा पहिल्यापासून. इतर लोक दहा मिनिटं पाहतात. काका घड्याळ लावून एक तास पाहतात, आणि गाडीच्या मालकालाही पाहायला लावतात. “माझ्यावर काहून भरोसा ठेवता? मले नका विचारू. सुईले विचारा.”

काकांची ही सगळी मजा मी सांगते आहे खरी, पण लिहायला बसले ते मजेसाठी नाही. याच माणसाला मी छापील कागदावर लबाड ठरवलं. तेही ज्या घरात पत्रकाला देवासारखं मानतात त्या घरातल्या मुलीने.

माझे बाबा त्याच कारखान्यात फिटर होते आणि युनियनचं लिखाणाचं काम त्यांच्याकडे असायचं. आमच्या घरी गाद्यांखाली पत्रकं, कपाटावर पत्रकं, लोणच्याच्या बरणीखाली पत्रकं. दुसऱ्या मुलांचा ‘ग’ गणपतीचा, माझा ‘ग’ गेट मीटिंगचा. बाबा लिहायचे आणि आई शुद्धलेखन तपासायची. “मालकशाहीला नंतर धडा शिकवा, आधी ‘शिकवणूक’ नीट लिहा,” असं ती म्हणायची आणि बाबा मुकाट्याने दुरुस्ती करायचे. मी आता भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कामगारांसाठी एक चार पानी पाक्षिक काढते. ज्याचं चुकलं त्याचं नाव घेऊन लिहिते. त्याचा मला अभिमान होता. ‘होता’ हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून बाबा तुकड्यांत बोलतात. हो. नको. ठेव तिथे. बाग सेवनियातल्या आमच्या घरात दिवसभरातली त्यांची वाक्यं एका पोस्टकार्डावर मावतील. मी आधी प्रश्न विचारून पाहिले, मग रागावून पाहिलं, मग माझ्या कामाला लागले. अन्याय बाहेर भरपूर होते.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाबांच्या जुन्या गाडीचा एसी गेला. बाबा ती काकांकडे घेऊन गेले आणि सकाळचे गेलेले जेवायच्या वेळेला आले. मी विचारलं, झाला? “नाही. सुई पडली.” आठवड्याने पुन्हा गेले. पुन्हा सुई पडली. तिसऱ्या आठवड्यालाही. चौथ्यांदा मला संशय आला आणि मी सोबत गेले. खिशात छोटी वही होती. ती माझ्या खिशात नेहमी असते.

गेल्या गेल्या काकांनी मला चौथी खुर्ची दिली. “ये, कॉम्रेड. तुझ्या बापाची गाडी म्हणजे कारखान्याची जुनी टाकी आहे. दिसते बरी, पण भरोसा नाही.” तिसरी खुर्ची रिकामी, दुसरीवर बाबा, पहिलीवर, मीटरला लागून, स्वतः काका. पंप घुरघुरला, थांबला, चाव्या बंद झाल्या. आम्ही सुईकडे बघत बसलो. बराच वेळ काकाच बोलत होते. उन्हाबद्दल, आंब्याबद्दल, जावयाबद्दल. बाबा मधूनमधून ‘हं’ म्हणत होते. आतून काकूंनी हाक दिली, “अहो, चहा एकाच तासाचा टाकू, की दुसऱ्याचाही?”

काका म्हणाले, “दुसऱ्याचाही.”

हे मी वहीत टिपलं. ‘दुसरा तास पूर्वनियोजित.’

मग माझा फोन वाजला आणि मी फाटकापाशी, आंब्याच्या झाडाखाली गेले. तिथून खुर्च्यांच्या पाठी दिसत होत्या आणि मीटरची बाजू दिसत होती. काकांनी, ऐकता ऐकता, बाबांकडेच बघत, डावा हात हळूच मागे नेला आणि निळ्या मीटरखालची चावी अर्धा वेढा फिरवली. सुई शून्याकडे सरकली. काका दचकल्यासारखे उठले. “हात् तिच्या! पाहा राजे, पडली. आता काय, लावा पुन्हा पंप.”

मी डोळ्यांनी पाहिलं होतं. वेळ टिपली, हात टिपला, कोणती चावी तेही टिपलं. घरी येताना बाबांना काही सांगितलं नाही. आमच्याच माणसाला कोणीतरी आठवड्यामागून आठवडे खेळवतो आहे, खोटी गळती दाखवून, या विचाराने माझं डोकं तापलं होतं. गाडीचा एसी तर बंदच होता.

बाबांचा एक नियम होता. पत्रकात ज्याचं नाव घालायचं, त्याच्या दारात आधी जायचं आणि त्याला तोंडावर विचारायचं. मालकालाही ही संधी द्यायची. तो नियम मला पाठ होता. पण पाहिलेलंच होतं, मग विचारायचं काय, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्या दिवशीच मजकूर लिहून काढला. मथळा, ‘सुई कोणाच्या हातात?’ खाली नाव, वेळ, चावी, सगळं. शेवटी ‘जागे व्हा’ हेही होतंच.

एक मेला आपल्या मराठी मंडळात महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम असतो. माझ्यासाठी तो कामगार दिन. असा दिवस हातचा जाऊ द्यायचा नाही म्हणून मी लवकर जाऊन प्रत्येक खुर्चीवर एकेक पत्रक ठेवलं. लोक आले, पत्रक उचललं, बसले, वाचायला लागले. वैरागडे काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून काकूंबरोबर आले. त्यांनीही आपल्या खुर्चीवरचं उचललं. खिशातून दुसरा चष्मा काढून पहिल्यावर चढवला आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. मागच्याला दिसत नव्हतं तरी कोणी ‘बसा’ म्हणालं नाही.

मंडळाचे सचिव दातार मोठ्याने म्हणाले, “वैरागडे, हे खरं आहे का हो? चावी तुम्ही फिरवलीत?”

काकांनी सभागृहात नजर फिरवली. ती बाबांवर जाऊन थांबली. बाबा दोन रांगा पुढे, पत्रक मांडीवर ठेवून, मान खाली घालून बसले होते.

“हो,” काका म्हणाले. “मीच फिरवली.”

“अहो पण काहून?” दातारांनी त्यांचीच नक्कल केली. दोनतीन जण हसले.

“म्हातारपण आहे. हात वळवळ करतो.” त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली. काकूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, त्यांचा हात काकांनी धरला. “चाल. गाणी सुरू होऊन राहिली. बस.”

ते शेवटपर्यंत बसले. सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या. मला वाटलं, काय निर्ढावलेला माणूस आहे.

बाबा गाडीत काही बोलले नाहीत. बोलले असते तरच मला नवल वाटलं असतं. चार दिवसांनी ते गाडी घेऊन गेले आणि दोन तासांत परत आले. एसी सुरू होता. इतका गार की काच धूसर व्हावी. “सुई?” मी विजयाने विचारलं.

“नाही पडली,” बाबा म्हणाले आणि आत जाऊन पडून राहिले.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पत्रकाला दुसरं पत्रक हवं असतं. मी ठरवलं, काकांच्या सगळ्या गिऱ्हाइकांना भेटायचं, किती जणांना असं खेळवलं त्याची यादी करायची. वही घेऊन निघाले. सक्सेनाजी म्हणाले, “सुई? नहीं बेटा, गिरी ही नहीं. एक घंटा बैठाया, बस. बहुत बोर हुए.” जोशी मॅडम म्हणाल्या, एकच तास. मंडळाच्या खजिनदारांचा एकच तास. पिपलानीतल्या तीन इंजिनीयरांचा एकेकच तास. बाटल्यांवरच्या नावांपैकी जितकी आठवली तितक्या सगळ्यांकडे गेले. सुई पडली ती फक्त एका गाडीची. आमच्या.

मी रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवून जुनी पानं उलटली. माझं अक्षर, माझी टिपणं. चावी फिरवली त्या वेळेच्या पुढे, कंसात, पुरावा पक्का व्हावा म्हणून आजूबाजूची परिस्थितीही लिहिली होती. ‘(बाबा आईच्या स्कूटर शिकण्याबद्दल सांगत होते. कुंपणात गेली तो प्रसंग. मोठ्याने हसत होते.)’

मोठ्याने हसत होते. मी हे स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. दोन वर्षांत बाबांच्या तोंडून आईचं नाव मी ऐकलं नव्हतं. ते ज्या क्षणी ऐकू आलं, त्या क्षणी मी चावी कोणती ते टिपत होते.

तशीच काकांकडे गेले. पोर्चमध्ये एकही गाडी नव्हती. खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. काका फळीवरच्या बाटल्या पुसत होते.

“काका, मी चुकीचं लिहिलं.”

“काहून? चुकीचं काय होतं त्यात?” त्यांनी मला खरंच आश्चर्याने विचारलं. “चावी निळीच होती. वेळ बरोबर. हात डावा. मी सगळं तपासून पाहिलं. एक वेलांटी तेवढी चुकली आहे, तिसऱ्या ओळीत.”

“तुम्ही तिथे खरं का नाही सांगितलं?”

“काय सांगू? सगळ्यांच्या समोर? की तुमचे हे एवढे मोठे नेते घरात बोलत नाहीत, माझ्या पोर्चमध्ये येऊन बोलतात?” ते एका बाटलीवरची चिठ्ठी अंगठ्याने दाबून बसवत राहिले. “पहिल्या तासात तुझा बाप नुसता हं हं करतो. तास संपता संपता कुठं तुझ्या आईपाशी येतो. मग एका तासात गाडी कशी देऊ, सांग बरं?”

आतून काकू म्हणाल्या, “हवा शिरू देत होते नळीत! स्वतःच्या हातानं! जावयानं कधी चावीले बोट लावलं तर अंगावर जातात हे.”

मी रडायला लागले. काका फार गोंधळले. त्यांनी वरचा चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि मला खुर्ची द्यायची म्हणून एकात एक अडकलेल्या चारही खुर्च्या ओढत आणल्या. त्या सुटेनात. शेवटी मी चार खुर्च्यांच्या उंचीवर बसले.

“मी बाबांना घेऊन येते,” मी म्हणाले. “उद्याच आणते.”

“कशाले आणतेस? आता गाडी पक्की आहे.”

“नुसतं बसायला.”

“नुसतं बसायला तो येईल?” काका म्हणाले. “पोरी, तुझा बाप फिटर आहे. सुई काहून पडते ते त्याले कळत नसेल? पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्याले. तो विचारत नव्हता, मी सांगत नव्हतो. आता सगळ्या मंडळाले माहीत झालं. आता तो कोणत्या तोंडानं येईल आणि मी कोणत्या तोंडानं बोलावू?”

मी बाबांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, “ठेव तिथे.” दुपारी ते कधीकधी गाडीत जाऊन बसतात. एसी लावतात, काचा वर करतात, गाडी कुठे नेत नाहीत. माझ्या पत्रकाने गाडी खरोखरच गार केली आहे.

म्हणून हे दुसरं पत्रक समजा. यात जागे व्हायला सांगितलेलं नाही. पहिलं ज्यांनी घरी नेलं असेल त्यांनी ते फाडून टाका, आणि तुमच्या गाडीचा एसी या उन्हाळ्यात मंदावला तर दहा मिनिटांच्या दुकानात जाऊ नका, वैरागडे काकांकडे जा. मात्र थेट जाऊ नका. आधी बाग सेवनियात आमच्या घरी या, मंडळातला कोणीही घर दाखवील. बाबा बहुतेक ओट्यावर असतील. त्यांना सांगा, “काका, पिपलानीच्या पुढे वैरागड्यांकडे जायचं आहे. दोनदा फिरून आलो, घर सापडत नाही. जरा गाडीत बसून दाखवता का?” फोनवर रस्ता दिसतो, हे ते म्हणतील. फोन बंद पडला म्हणून सांगा. आयुष्यात पहिल्यांदाच मी लोकांना खोटं बोलायला सांगते आहे, तेव्हा नीट बोला. ते कुरकुर करतील, चपला शोधतील. त्यांना पुढच्या सीटवर बसवा. तिथे पोचल्यावर काकांनी खुर्च्या मांडल्या की बाबांना दुसरी द्या आणि तुम्ही चौथी घ्या. आणि तास संपत आल्यावर काकांचा डावा हात मागे जाताना दिसला, तर कृपा करून आंब्याच्या झाडाकडे बघा.